सहा खाटांची खोली

मुलांनो, ‘अनोळखी माणसांशी बोलू नका’ हे वाक्य तुम्ही आजवर किती वेळा ऐकलं असेल? आईकडून ऐकलं असेल, आजीकडून ऐकलं असेल आणि शाळेत आमच्याकडून तर प्रत्येक सुट्टीच्या आदल्या दिवशी! मी रत्नागिरी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते आणि हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहिते. तरीसुद्धा २०२४ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मी एकटीच केरळात गेले आणि फोर्ट कोचीला चार रात्री अशा एका खोलीत झोपले, की जिथं आणखी पाच बायका होत्या आणि त्यांच्यापैकी एकीचंही नाव मला ठाऊक नव्हतं.

“बाई, हे कसं काय?” असं तुम्ही विचारणारच. म्हणून तर हे सगळं लिहायला बसले.

ही खोली होती एका हॉस्टेलमधली. हॉस्टेल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं शिकणाऱ्या मुलांचं वसतिगृह उभं राहील. हे तसं नव्हे. हे प्रवाशांचं हॉस्टेल. हॉटेलात आपण खोली भाड्यानं घेतो, इथं फक्त खाट घ्यायची. एक खाट आणि कुलूप लावायला एक लहानसं कपाट एवढंच आपलं. न्हाणीघर, स्वयंपाकघर, बसाउठायची खोली सगळ्यांची मिळून. म्हणून ते स्वस्त पडतं. मला एका रात्रीचे साडेपाचशे रुपये पडले. त्याच गावात एकटीसाठी हॉटेलची खोली घेतली असती, तर याच्या दुपटी-तिपटीला गेली असती.

तशी ही कल्पना आपल्याला काही अगदी नवी नाही बरं का! वारीला गेलेले तुमचे आजी-आजोबा वाटेवरच्या शाळेत नाहीतर कुणाच्या ओसरीवर ओळीनं पथाऱ्या टाकून झोपतात. शेजारची पथारी कुठल्या गावची, हे त्यांना तरी कुठं ठाऊक असतं? फरक एवढाच, की वारीत सगळ्यांचा रस्ता एक असतो. हॉस्टेलात प्रत्येकाचा वेगळा.

मी जाणार हे कळल्यावर आईनं एकच प्रश्न विचारला, “बरोबर कोण?” “कुणी नाही,” म्हटल्यावर ती दोन दिवस माझ्याशी जेमतेम बोलली. तिसरीतल्या एका मुलाची शंका मात्र निराळीच होती. “बाई, सहा जणी एका खोलीत, मग लाईट कोण घालवणार?” किती नेमका प्रश्न! त्याचं उत्तर पुढं येईलच.

आता हे वाचणाऱ्या आईबाबांसाठी थोडं सांगते. एकटीनं जायचं म्हणजे डोळे मिटून जायचं नव्हे. फक्त स्त्रियांसाठी असलेली खोली मी आधी फोन करून ठरवली. कार्यालयात रात्रभर माणूस असतो का, हे विचारलं. आधी राहून गेलेल्या बायकांनी काय लिहिलंय ते वाचलं. पत्ता आणि फोन नंबर घरी दिला, उजेडात पोचेन अशी गाडी निवडली आणि स्वतःचं कुलूप नेलं. आणखी एक. अठरा वर्षांखालच्या मुलांना अशा हॉस्टेलांत बहुतेक ठिकाणी एकट्यानं प्रवेश नसतो. तेव्हा तुमच्यापैकी कुणी दप्तर रिकामं करून निघण्याची तयारी करत असेल, तर जरा दम धरा!

रत्नागिरीहून नेत्रावती एक्सप्रेसनं निघाले ती दुसऱ्या दिवशी दुपारी एर्नाकुलमला उतरले. रिक्षानं बोटीच्या धक्क्यावर आणि तिथून बोटीनं खाडी ओलांडून फोर्ट कोचीला. बोटीचं तिकीट अगदी थोडक्या रुपयांचं, आणि वीसेक मिनिटांत एका बाजूला प्रचंड मालवाहू जहाजं, दुसऱ्या बाजूला नारळीनं भरलेली बेटं. तुमच्यापैकी जे जयगड-दाभोळच्या फेरीबोटीत बसले असतील, त्यांना त्या इंजिनाच्या धडधडीत घरच्यासारखं वाटेल.

हॉस्टेल म्हणजे एक जुनं कौलारू घर होतं. दारात चपलांचा ढीग. त्या ढिगावरूनच आत कसली माणसं आहेत याचा अंदाज येत होता. चिखलानं भरलेले मोठमोठे बूट, नाजूक पट्ट्यांच्या सँडल, एक रबरी स्लीपर आणि तिची हरवलेली जोडीदारीण शोधणारा एक मुलगा. कार्यालयातल्या ताईंनी माझं ओळखपत्र पाहून नोंद केली, एक धुतलेली चादर आणि उशीचा अभ्रा हातात दिला आणि सांगितलं, “वरची खाट.”

खोलीत तीन दुमजली खाटा. रेल्वेचा वरचा बर्थ आठवा, तसंच. शिडीनं चढायचं, पडदा ओढायचा की आपली खोली तयार! उशाशी लहानसा दिवा आणि फोन लावायची सोय. भिंतीवर नियमांचा कागद होता. रात्री दहानंतर खोलीत बोलू नका, बाहेरच्या बैठकीत बोला. फ्रिजमधल्या डब्यावर आपलं नाव आणि जायची तारीख लिहा. आपलं भांडं आपण घासा. हा शेवटचा नियम मोठ्या अक्षरांत होता, यावरून काय ते समजा.

पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. पैशांचं पाकीट उशीखाली होतं आणि दर थोड्या वेळानं माझा हात तिकडं जायचा. खालच्या खाटेवरून घोरणं ऐकू येत होतं. पंख्याची घरघर, कुणाच्या तरी पिशवीची चैन, दार उघडल्याचा आवाज. मनात येत होतं, की आई म्हणत होती तेच खरं. कोण या बायका? यांच्या मनात काय आहे? सहावी बाई तर रात्री उशिरा आली आणि मी उठायच्या आत निघूनही गेली. तिचा चेहरासुद्धा मी पाहिला नाही. हॉस्टेलात असंही होतं.

ओळखी झाल्या त्या स्वयंपाकघरात. का सांगू? खोलीत माणूस पडद्याआड असतं. स्वयंपाकघरात मात्र दोनच शेगड्या होत्या आणि एकच चांगली सुरी! “तुमचं झालं की द्याल का?” यावाचून कुणाचं पान हलत नव्हतं. आणि सुरी मागितली, की पुढचा प्रश्न येतोच : “काय चिरताय?”

मी घरून कुळथाचं पीठ आणि आमसुलं नेली होती. कोकणातल्या माणसाच्या पिशवीत दुसरं काय असणार? दुसऱ्या दिवशी दुपारी पिठी करायला घेतली. लसणीची फोडणी पडली, तशी हॉस्टेलात स्वयंपाक आणि झाडलोट बघणाऱ्या बाई नाक वर करून आत आल्या. त्यांना सगळे ‘चेची’ म्हणत. मल्याळममध्ये चेची म्हणजे ताई. पिठाची चिमूट तळहातावर घेऊन त्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, “मुतिरा!” कुळथाला त्यांच्याकडं मुतिरा म्हणतात. मग मी आमसूल दाखवलं. चेचीनं ते चाखलं, हसल्या आणि फळीवरून एक बरणी काढली. तिच्यात काळीकुट्ट, वाळलेली, धुराचा वास येणारी सालं होती. ही ‘कुडमपुळी’. केरळात माशांच्या आमटीला आंबटपणा हिच्यानं येतो. हिचं पिकलेलं फळ एखाद्या चिमुकल्या पिवळ्या भोपळ्यासारखं दिसतं आणि वनस्पतिशास्त्रात हिची आणि आपल्या रातांब्याची प्रजाती एकच, गार्सिनिया. म्हणजे आमसूल आणि कुडमपुळी या चुलत बहिणीच की! चेचीला हिंदी येत नव्हतं, मला मल्याळम येत नव्हतं. तरी अर्धा तास आम्ही गप्पा मारल्या. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर त्यांनी माझं नाव सोडूनच दिलं आणि ‘टीचर’ म्हणायला लागल्या. तिकडं बाईंना असंच म्हणतात.

त्या पिठीच्या वासानं खोलीतल्या बाकीच्याही आल्या. कोइमतूरच्या दोन मैत्रिणी होत्या. वास्तुशास्त्र शिकणाऱ्या. दिवसभर जुन्या घरांच्या खिडक्या-दारांची चित्रं काढत हिंडायच्या. बेंगळुरूची एक ताई कॉम्प्युटरवरचं काम घेऊनच सुट्टीवर आली होती. (याला सुट्टी का म्हणायचं, हे मला अजून कळलेलं नाही.) आणि खालच्या खाटेवर घोरणाऱ्या होत्या एक जर्मन आजी. वय सदुसष्ट, टपाल खात्यातून निवृत्त. पाठीवर मोठी पिशवी टाकून तीन महिने एकट्या भारतभर हिंडत होत्या. मी त्यांना ‘आजी’ म्हणू लागले. अर्थ सांगितला, तर त्यांनी वहीत लिहूनच घेतला.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात केरळात परतीचा पाऊस पडतो, ‘तुलावर्षम’. सकाळी लख्ख ऊन आणि संध्याकाळी आभाळ फाटल्यासारखा गडगडाट. त्या संध्याकाळीही तसंच झालं. वीज गेली. सगळे बाहेरच्या बैठकीत मेणबत्तीभोवती जमले. आणि तिथं आजींनी हॉस्टेलची जन्मकथा सांगितली. घरी आल्यावर मी ती पुस्तकांतून ताडून पाहिली.

मुलांनो, हॉस्टेलची कल्पना कुणाला सुचली असेल? एखाद्या व्यापाऱ्याला? नाही. एका शाळामास्तरांना! रिचर्ड शिरमान हे जर्मनीतल्या आल्टेना गावचे शिक्षक. चार भिंतींत मुलांना कोंडून शिकवण्यापेक्षा रानावनात हिंडत शिकवावं, असं त्यांचं मत. २६ ऑगस्ट १९०९ रोजी ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले असताना ब्र्योल नदीच्या खोऱ्यात प्रचंड वादळानं गाठलं. शेवटी एका खेड्यातल्या शाळेत आसरा मिळाला. एका शेतकऱ्यानं अंथरायला पेंढा दिला आणि रात्रीला दूध दिलं. मुलं गाढ झोपली. विजांच्या कडकडाटात मास्तर मात्र जागेच होते. त्यांच्या मनात आलं, सुट्टीत गावोगावच्या शाळा रिकाम्याच तर असतात! प्रत्येक गावात अशी एकेक जागा असेल, तर गरिबातल्या गरीब घरचं मूलसुद्धा देश पाहू शकेल.

आधी त्यांनी आपल्याच शाळेत सोय केली. मग १९१२ मध्ये आल्टेनाच्या डोंगरावरच्या जुन्या किल्ल्यात पहिलं कायमचं युवा हॉस्टेल सुरू झालं. तिथल्या जाडजूड लाकडाच्या तिमजली खाटा आजही संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. १९३२ मध्ये वेगवेगळ्या देशांच्या संघटना एकत्र आल्या आणि शिरमान गुरुजी त्यांचे अध्यक्ष झाले. पुढं नाझी सरकारनं १९३६ मध्ये त्यांना ते पद सोडायला लावलं. आपल्या देशात १९४९ मध्ये यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. तिच्या पदभ्रमण मोहिमांना महाराष्ट्रातून कितीतरी मुलं जातात. तुमच्या दादा-ताईंना विचारून पाहा.

आजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. पहिल्या महायुद्धात शिरमान सैन्यात होते. १९१५ च्या नाताळात व्होज पर्वतात जर्मन आणि फ्रेंच सैनिकांनी आपणहून बंदुका खाली ठेवल्या आणि खंदकांतून एकमेकांकडं जाऊन खाऊची देवाणघेवाण केली. यांचा काळा पाव, त्यांची वाईन. कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणारी माणसं! शिरमान यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. मेणबत्तीच्या उजेडात हे ऐकताना माझ्या हातात चेचीनं दिलेली केळ्याची भजी होती, हे मुद्दाम सांगते.

आजी लहानपणी शाळेबरोबर अशा हॉस्टेलांत जायच्या. तिथं जंगली गुलाबाच्या फळांचा लाल, आंबट चहा मिळायचा. बटाटे सोलायची पाळी असायची, आणि ती चुकवली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बटाटे!

त्याच रात्री सहाव्या खाटेवर एक नवी मुलगी आली. झारखंडची, विशीतली. हॉटेलच्या कामाचा कोर्स संपवून ती इथं नोकरीच्या मुलाखतीला आली होती. स्वस्त म्हणून या हॉस्टेलात उतरली होती. बोलली नाही, जेवली नाही. दिवे गेल्यावर पडद्यामागून हुंदके ऐकू यायला लागले.

अशा वेळी काय करायचं? अनोळखी माणसाच्या पडद्याआड डोकवायचं का? मी विचार करत वरच बसून राहिले होते, तोवर आजी उठल्या. पडदा न उघडता त्यांनी बाहेरच्या लाकडावर दोनदा टकटक केलं आणि एकच शब्द म्हणाल्या, “टी?” बस्स! पाच मिनिटांनी आम्ही सगळ्या स्वयंपाकघरात होतो.

मुलाखत सकाळी अकराला होती आणि ती इंग्रजीत होणार होती, याचीच तिला धास्ती. घरून एकटी बाहेर पडण्याची ही पहिलीच वेळ. वडिलांनी उसने पैसे काढून तिकीट काढून दिलेलं. “मला सगळं येतं, पण समोर कुणी इंग्रजीत बोललं की जीभच हलत नाही,” असं ती हिंदीत म्हणाली.

मग काय विचारता! साडेदहा वाजता आमची शाळा भरली. बेंगळुरूची ताई झाली मॅनेजर. माझं इंग्रजी चौथीच्या पुस्तकापुरतं पक्कं, म्हणून मी वाक्यं लहान करून द्यायला बसले. लांब वाक्य आलं की माणूस अडखळतं, हे मला वर्गात रोज दिसतं. आणि आजी झाल्या गिऱ्हाईक. असं खाष्ट गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नव्हतं! “सूप गार आहे! खिडकीतून वारा येतो! चमचा लहान आहे!” आजी टेबलावर मूठ आपटत होत्या. पहिल्यांदा ती मुलगी गप्प. दुसऱ्यांदा नुसतं “सॉरी”. पाचव्या-सहाव्या वेळी तिनं रिकामा वाडगा शांतपणे उचलला आणि इंग्रजीत म्हणाली, “बाईसाहेब, मी दोन मिनिटांत गरम सूप आणते, आणि तुमची जागाही बदलते.” आजींनी टाळ्या वाजवल्या. कोइमतूरच्या मुलींनी तिच्या सदऱ्याला इस्त्री करून दिली. चेची तिला ‘मोळे’ म्हणाल्या. मोळे म्हणजे मुली, बाळ.

सकाळी ती गेली आणि मुलाखत आटोपून संध्याकाळच्या गाडीनं परस्पर घरी गेली. नोकरीचं काय झालं, ते आम्हाला कळलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे हॉस्टेलात भेटलेल्या कुणाच्याही मागं जावं? मुळीच नाही. त्याच बैठकीत एका संध्याकाळी एक तरुण सगळ्यांना आग्रह करत होता, रात्रीच गाडी काढू आणि मुन्नारला जाऊ म्हणून. मुन्नार तिथून सव्वाशे-दीडशे किलोमीटर, घाटाचा रस्ता आणि तो पाऊस! बेंगळुरूची ताई म्हणाली, “नाही.” कारण सांगितलं नाही, माफी मागितली नाही. आणि कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. माझ्या मते मुलींनी शिकायची गोष्ट ही. शेजारच्या खाटेला चहा विचारणं वेगळं आणि रात्री कुणाच्या गाडीत बसणं वेगळं. चहाच्या वेळी भोवती दहा माणसं असतात. फळ्यावरच्या माझ्या वाक्याखाली आता मी आणखी दोन ओळी लिहिते, पण मूळचं वाक्य पुसलेलं नाही.

अरे हो, फोर्ट कोची पाहिलं की नाही? पाहिलं तर! वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याला पुरलं होतं आणि १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. दगड पाहिला, पुढं गेले. मट्टनचेरीचं १५६८ सालचं ज्यूंचं प्रार्थनामंदिर आणि त्यातल्या निळ्या चिनी फरशा सुंदर आहेत. जवळच चेरलाई भागात गोव्याहून काही शतकांपूर्वी गेलेल्या लोकांची वस्ती आहे. तिथं दुकानात कोंकणी कानावर पडली आणि मी थबकलेच!

पण खरी गंमत चिनी जाळ्यांची. किनाऱ्यावर लाकडी वासे आणि बांबूंचे अवाढव्य सांगाडे उभे आहेत. एका टोकाला खोलीपेक्षा मोठं जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले मोठाले दगड. तोल असा साधलेला, की एक माणूस मधल्या वाशावरून चालत पुढं गेला की जाळं पाण्यात झुकतं. थोडा वेळ थांबायचं, मग चार ते सहा माणसांनी मिळून दोर ओढायचे. बागेतल्या सी-सॉवर तुम्ही जे शिकता, तेच. एका पहाटे आजी आणि मी गेलो, तर कोळ्यांनी आम्हालाही दोर धरायला लावलं. एवढी ओढाताण करून जाळ्यात काय आलं? मूठभर मासे आणि एक प्लॅस्टिकची बाटली. बाटली त्यांनी बाजूला टाकली आणि जाळं पुन्हा सोडलं.

आणि हो, लाईट! दहा वाजले, की जिची खाट बटणाजवळ, ती विचारते, “घालवू?” सगळ्या म्हणतात, “घालवा.” चौथ्या रात्री पाकीट उशीखाली नव्हतं, कपाटात कुलपात होतं, आणि मी सकाळपर्यंत झोपले.

निघायच्या दिवशी चादर काढून टोपलीत टाकली, किल्ली परत केली. स्वयंपाकघरात एक फळी असते, जाणाऱ्यांनी उरलेलं सामान येणाऱ्यांसाठी ठेवायची. तिच्यावर अर्धी साखर, मिठाची पुडी, कुणीतरी सोडलेल्या शेवया होत्या. मी उरलेलं कुळथाचं पीठ ठेवलं आणि पिशवीवर इंग्रजीत आणि हिंदीत पिठीची कृती लिहिली. चेचीनं खाली मल्याळममध्ये ‘मुतिरा’ लिहिलं. कोइमतूरच्या मुलीनं तमिळमध्ये ‘कोळ्ळु’. मी दारात जाऊन चपला घातल्या, तेवढ्यात नुकतीच आलेली एक मुलगी ती पिशवी हुंगत बाहेर आली.

“यात पाणी किती घालायचं?”

बोटीला दहा मिनिटं होती. पण पुढची बोट होतीच. मी चपला काढल्या.